कंपोस्ट अर्क फवारणीची साधने

कंपोस्ट अर्क फवारणीची साधने म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय खतापासून तयार केलेली द्रवरूप निविष्ठा शेतातील पिकांवर, परसबागेत, फळबागेत किंवा हिरवळीवर समप्रमाणात पोहोचविण्यासाठी वापरली जाणारी उपकरणे होत. यांत साध्या झारीपासून पाठीवरचा पंप, बॅटरीवर चालणारा पंप, पायपंप, इंजिनावर चालणारा उच्चदाब पंप आणि ठिबक संचाला जोडलेली व्हेंचुरी अशा अनेक साधनांचा समावेश होतो. यांपैकी बहुतेक साधने मुळात कीटकनाशकांसाठी बनविलेली आहेत. रासायनिक कीटकनाशक पाण्यात मिसळते किंवा अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगते. कंपोस्ट अर्कात मात्र खताचे कण, तंतू, गुळाचा चिकटपणा आणि जिवंत सूक्ष्मजीव असतात. त्यामुळे छिद्र बुजणे, टाकीत वास धरणे, गाळणी चोंदणे आणि आधीच्या विषारी औषधाचा अंश मिसळणे हे चार प्रश्न या फवारणीत वारंवार उद्भवतात. साधनाची निवड प्रामुख्याने याच प्रश्नांवर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील वर्धा जिल्ह्यात कंपोस्ट अर्क, गांडूळपाणी आणि जीवामृत या तिन्ही प्रकारच्या द्रावणांचा वापर होतो. कापूस, सोयाबीन व तूर ही कोरडवाहू पिके, आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांतील संत्राबागा, समुद्रपूर तालुक्यातील वायगाव परिसराची हळद आणि गावोगावच्या परसबागा असे या वापराचे क्षेत्र आहे.

संज्ञा व प्रकार

कंपोस्ट अर्काला इंग्रजीतील नावावरून ‘कंपोस्ट टी’ असेही म्हटले जाते. फवारणीच्या दृष्टीने त्याचे व त्याच्या जवळच्या द्रावणांचे पुढील प्रकार महत्त्वाचे ठरतात.

स्थिर अर्क : पक्व कंपोस्ट पाच ते दहा पट पाण्यात एक ते दोन आठवडे भिजवून ठेवतात आणि अधूनमधून ढवळतात. यास यंत्र लागत नाही.

हवा दिलेला अर्क : कंपोस्ट पिशवीत बांधून पाण्यात सोडतात व लहान हवापंपाने २४ ते ४८ तास सतत हवा देतात. वीस लिटरच्या बादलीसाठी मत्स्यटाकीचा हवापंप वापरता येतो. हवा थांबल्यावर द्रावणातील प्राणवायू लवकर संपतो, म्हणून असा अर्क काही तासांतच वापरावा लागतो.

गांडूळपाणी किंवा व्हर्मीवॉश : गांडुळांच्या ड्रममधून हळूहळू झिरपलेले पाणी. ते तुलनेने निवळ असल्यामुळे फवारणीस सर्वांत सोपे असते. सामान्यतः पाच ते दहा पट पाणी मिसळून वापरतात.

जीवामृत : अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांनी प्रसारित केलेले द्रावण. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन किंवा इतर डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती मिसळून, सावलीत सुमारे ४८ तास ठेवून, दिवसातून दोनदा ढवळून ते तयार करतात. काटेकोरपणे पाहता हा कंपोस्टचा अर्क नव्हे, कारण त्यात शेण कुजलेले नसते. परंतु फवारणीची अडचण व साधने समान असल्याने त्याचा विचार येथेच केला जातो. शेणाचे तंतू, पीठ व गूळ यांमुळे वरील सर्व द्रावणांत जीवामृत फवारण्यास सर्वांत अवघड असते.

वर्धा जिल्ह्यातील पार्श्वभूमी

वर्ध्याचा कंपोस्टशी संबंध विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे काम पाहत. त्याच सुमारास अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संस्थेत विकसित केलेली ‘इंदूर पद्धत’ देशभर चर्चेत होती. शेतातील काडीकचरा, शेण व मूत्रमिश्रित माती यांचे थर रचून ते वेळोवेळी पालटण्याची ही पद्धत हॉवर्ड यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. महात्मा गांधी यांनी १९३५ मध्ये इंदूरच्या संस्थेस भेट दिली आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून कंपोस्टचा पुरस्कार केला. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगाव येथे, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास गेले. मीराबेन यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली.

त्या काळातील भर घन खतावर होता. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली ‘नाडेप’ पद्धतही घन खताचीच आहे. विटांच्या जाळीदार टाक्यात कमी शेण वापरून अधिक खत तयार करणे हा तिचा उद्देश आहे. द्रवरूप निविष्ठांचा प्रसार त्यानंतर, विशेषतः जीवामृताच्या प्रचारामुळे वाढला. राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशनच्या पहिल्या सहा जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. मगनवाडीच्या परिसरातील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्र या जिल्ह्यातील या विषयाशी निगडित संस्था होत.

खत घरचे, पण पंप बाजारातला, अशी येथील सर्वसाधारण स्थिती आहे. खत व अर्क यांना फारसा पैसा लागत नाही. साधनाला मात्र लागतो. म्हणून घरात आधीच असलेला कीटकनाशकाचा पंप वापरावा, नवा घ्यावा की पंपाशिवायच काम भागवावे, हा निर्णय लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

गाळणी

फवारणीतील बहुतेक अडथळे पंपामुळे नव्हे, तर अपुऱ्या गाळणीमुळे येतात. सामान्य नोझलचे छिद्र सुमारे एक मिलिमीटर व्यासाचे असते. त्यातून एकटा बारीक कण निघून जातो, परंतु दोनतीन तंतू एकत्र आले की छिद्र अडते. त्यामुळे द्रावणातील सर्वांत मोठा कण छिद्राच्या निम्म्याहून लहान असावा, असा व्यावहारिक नियम पाळतात.

गाळण दोन टप्प्यांत केल्यास काम सुलभ होते. पहिल्या टप्प्यात गोणपाटातून किंवा प्लास्टिकच्या जाळीतून काड्या व तंतू वेगळे केले जातात. दुसऱ्या टप्प्यात नायलॉनच्या जाळीतून अथवा जुन्या सुती लुगड्याच्या दुहेरी फडक्यातून द्रावण वस्त्रगाळ करतात. जाळीची सूक्ष्मता ‘मेश’ या संख्येने सांगतात. ४० मेशच्या जाळीची छिद्रे सुमारे ०.४ मिलिमीटर, ५० मेशची ०.३ मिलिमीटर आणि १०० मेशची ०.१५ मिलिमीटर असतात. पाठीवरच्या पंपासाठी ४० ते ५० मेश पुरेशी असते. जिवाणूंचा आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका असल्याने ते कोणत्याही जाळीतून सहज जातात; बुरशीचे लांब तंतू मात्र फार बारीक गाळणीत अडकून राहतात. म्हणून गरजेपेक्षा बारीक गाळणे इष्ट मानले जात नाही. ठिबक संचासाठी मात्र तोट्यांच्या अरुंद मार्गामुळे सुमारे १२० मेशची गाळणी लागते.

ड्रममधील द्रावण गाळण्यापूर्वी काही तास न ढवळता ठेवल्यास जड गाळ तळाशी बसतो. ड्रमच्या तळापासून सुमारे एक वीत उंचीवर तोटी बसविली, तर वरचे निवळ द्रावण सहज काढता येते व तळाचा गाळ झाडांच्या आळ्यात घालता येतो.

साधनांचे प्रकार

झारी, मग व डहाळी

जमिनीत द्यावयाच्या अर्कासाठी पंपाची आवश्यकता नसते. झारीच्या तोंडाची छिद्रे मोठी असल्याने साधी गाळणी पुरते, दाब लागत नाही आणि सूक्ष्मजीवांना इजा होत नाही. परसबागेतील वाफे, कुंड्या व रोपवाटिका यांसाठी झारी सर्वांत योग्य साधन ठरते. मोठ्या क्षेत्रात बादलीतील द्रावणात कडुनिंबाची डहाळी किंवा झाडू बुडवून ते ओळींमध्ये शिंपडण्याची रीत आहे. झाडाच्या बुंध्याशी मगाने द्रावण ओतण्यास ‘आळवणी’ म्हणतात. या पद्धतींत मात्रा नेमकी राखता येत नाही; परंतु जमिनीत दिलेल्या सौम्य द्रावणाच्या बाबतीत थोड्या कमीजास्त मात्रेने नुकसान होत नाही.

हातात धरण्याचा दाबपंप

एक ते पाच लिटर क्षमतेच्या या पंपात आधी दट्ट्याने हवा भरतात व नंतर खटका दाबून फवारतात. कुंड्या, गच्चीवरील बाग व वेली यांसाठी तो उपयुक्त आहे. त्यात जिवंत अर्क भरून उन्हात ठेवल्यास आत वायू तयार होऊन दाब वाढतो व द्रावण कुजते. म्हणून काम संपताच हवा सोडून तो रिकामा करणे आवश्यक असते.

पाठीवरचा पंप

साधारण १६ लिटर टाकीचा, डाव्या हाताने दांडा हलवून चालविण्याचा हा पंप ग्रामीण भागात सर्वांत प्रचलित आहे. त्याचा दाब साधारणपणे प्रति चौरस सेंटिमीटर २ ते ४ किलो असतो. भारतीय मानक ब्युरोने हातपंपाच्या या प्रकारासाठी आयएस ३९०६ हे मानक ठरविले आहे. त्याची रचना साधी असते. वायसर, झडप व नोझल हे झिजणारे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि शेतकरी ते स्वतः बदलू शकतो. कंपोस्ट अर्कासाठी ही दुरुस्तीची सोय महत्त्वाची ठरते, कारण चिकट द्रावणामुळे झडपा वारंवार उघडून साफ कराव्या लागतात. टाकीचे तोंड हात आत जाईल इतके रुंद असणे आणि दांड्याच्या हालचालीबरोबर द्रावण ढवळले जाणे हे दोन गुण निवडताना पाहिले जातात. भरलेल्या पंपाचे वजन वीस किलोच्या आसपास जाते, ही त्याची प्रमुख मर्यादा आहे.

बॅटरी पंप

यास ‘चार्जिंगचा पंप’ असेही म्हणतात. टाकीखालील १२ व्होल्टच्या बॅटरीवर लहान पडदा-पंप चालतो. दाब स्थिर राहतो, हात मोकळा राहतो आणि फवारणी एकसारखी होते. ८ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर, पंप अडीच अँपिअर विद्युतप्रवाह घेत असल्यास, सुमारे तीन तास काम होते. या पंपाच्या आतील गाळणी लहान असल्याने जीवामृताचा गाळ तेथे प्रथम साचतो. पंपाचा आवाज बदलणे व धार कमी होणे ही त्याची लक्षणे होत. द्रावण नसताना पंप चालू ठेवल्यास पडदा खराब होतो. हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. काही पंपांत बॅटरी व हातदांडा अशी दुहेरी सोय असते. ज्या गावांत वीज अनियमित असते तेथे ती उपयोगी पडते.

पायपंप व रॉकर पंप

या पंपांना स्वतःची टाकी नसते. शोषक नळी थेट ड्रममध्ये सोडतात, एक माणूस पायाने किंवा दांड्याने दाब निर्माण करतो आणि दुसरा लांब नळीने फवारतो. २०० लिटर जीवामृताच्या ड्रममधून सरळ फवारणी करता येत असल्याने पुन्हा पुन्हा टाकी भरण्याचे कष्ट वाचतात. उंच फळझाडांपर्यंतही धार पोहोचते. दोन माणसे लागणे ही यांची मर्यादा होय. शोषक नळीच्या टोकावरील जाळी ड्रमच्या तळाला टेकू न देता अधांतरी बांधल्यास गाळ ओढला जात नाही.

इंजिनावर चालणारे पंप

संत्राबागांत इंजिन किंवा ट्रॅक्टरवर चालणारा उच्चदाब पंप वापरतात. त्यास बाजारात ‘एचटीपी’ म्हणतात. त्याचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर २० ते ४० किलोपर्यंत जातो. परतीच्या नळीने ड्रममधील द्रावण सतत ढवळले जाते, हा त्याचा फायदा आहे. कंपोस्ट अर्कासाठी मात्र दाब नियंत्रकाने कमी ठेवणे श्रेयस्कर असते. पाठीवर घ्यावयाच्या पेट्रोलवरील धुके-फवारणी यंत्राचे थेंब अतिसूक्ष्म असतात. ते वाऱ्याने वाहून जातात व पानावर पोहोचण्यापूर्वी वाळू लागतात. त्यामुळे जिवंत द्रावणासाठी ते यंत्र अनुकूल समजले जात नाही.

नळीला जोडावयाची बाटली

परदेशांत घराभोवतीच्या हिरवळीसाठी बागेच्या नळीच्या टोकाला अर्काची बाटली जोडतात व वाहत्या पाण्याच्या ओढीने अर्क आपोआप मिसळतो. हे साधन नळाच्या चांगल्या दाबावर अवलंबून असते. पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे एक किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरील टाकी जमिनीपासून चारपाच मीटर उंच असते, म्हणजे दाब जेमतेम अर्धा किलो भरतो. एवढ्यात हे साधन नीट चालत नाही. वर्ध्यासारख्या ठिकाणी, वेगळा दाबपंप नसेल तर, झारी किंवा पाठीवरचा पंप अधिक भरवशाचा ठरतो.

ठिबक संच व व्हेंचुरी

ठिबक संचाच्या मुख्य नळीवर बसविलेल्या व्हेंचुरीतून अर्क पाण्याबरोबर मुळांपाशी सोडता येतो. ही फवारणी नव्हे, तर जमिनीत देण्याची पद्धत होय. अर्क सोडण्यापूर्वी काही वेळ व सोडून झाल्यावर पंधरा ते वीस मिनिटे साधे पाणी चालविणे आणि नळ्यांची टोके उघडून त्या धुणे आवश्यक असते. अन्यथा तोट्यांच्या आत सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर जमून त्या बुजतात.

नोझल व दाब

नोझलवर थेंबाचा आकार व फवाऱ्याचा आकार ठरतो. पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल किडी व रोगांविरुद्धच्या औषधांसाठी वापरतात. त्याचे थेंब बारीक असून छिद्र लवकर बुजते. पंख्याच्या आकाराचा सपाट फवारा देणारे नोझल हिरवळ व सलग वाफ्यांसाठी योग्य असते. ‘फ्लड जेट’ या नोझलचे छिद्र मोठे, थेंब जाड व दाब कमी असतो; जमीन भिजविण्यासाठी आणि चिकट जीवामृतासाठी ते सर्वांत सोयीचे असते. हे नोझल तणनाशकांसाठीही वापरले जात असल्याने, अर्कासाठी ते नवेच घ्यावे लागते.

दाबाने सूक्ष्मजीव मरतात का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जिवाणू अतिसूक्ष्म असल्याने पंपाच्या सामान्य दाबाचा त्यांच्यावर विशेष परिणाम होत नाही. कीडनाशक सूत्रकृमींच्या फवारणीच्या अभ्यासांत प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे २० किलोपर्यंतचा दाब त्यांना सोसतो असे आढळले आहे. बुरशीचे तंतू व एकपेशीय प्राणी त्याहून नाजूक असतात. पाठीवरच्या पंपाचा दाब या मर्यादेच्या पुष्कळ खाली असल्याने, दाबाच्या भीतीने महागडा विशेष पंप घेण्याची गरज पडत नाही.

मात्रा व मापन

एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एकरी २०० लिटर द्रावण द्यावयाचे असेल, तर प्रति चौरस मीटर सुमारे ५० मिलिलिटर, म्हणजे दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद हिरवळीस ५ लिटर द्रावण पुरते. १६ लिटरच्या पंपाने एकरासाठी बारा ते तेरा टाक्या लागतात. या हिशेबावरून साधनाची निवड सोपी होते : दोन गुंठ्यांच्या परसबागेस दहा लिटर पुरत असल्याने झारी किंवा हातपंप भागतो, दोन एकरांच्या कपाशीस पंचवीस टाक्या लागत असल्याने ड्रममधून ओढणारा पंप अथवा दोन माणसांचे काम विचारात घ्यावे लागते.

पंपाचे मापन पुढीलप्रमाणे करतात. टाकीत साधे पाणी भरून नोझलमधून एका मिनिटात किती पाणी निघते ते मापात धरतात. नंतर फवारणाऱ्याची एका मिनिटातील चाल व फवाऱ्याची रुंदी मोजतात. समजा, एका मिनिटात एक लिटर पाणी निघते, चाल ४० मीटर आहे व फवारा एक मीटर रुंद पडतो. तर एका मिनिटात ४० चौरस मीटर क्षेत्र भिजते आणि एकरास सुमारे १०१ लिटर द्रावण लागते. २०० लिटर द्यावयाचे असल्यास दुप्पट धारेचे नोझल लावावे किंवा आडवी-उभी अशी दोनदा फवारणी करावी.

पानांवरील फवारणीसाठी जीवामृताचे प्रमाण वेगळे असते. पाळेकर यांच्या पद्धतीत पहिल्या फवारणीस १०० लिटर पाण्यात ५ लिटर, दुसऱ्या फवारणीस १५० लिटर पाण्यात १० लिटर आणि तिसऱ्या फवारणीस २०० लिटर पाण्यात २० लिटर गाळलेले जीवामृत प्रति एकर सांगितले आहे.

वेळ, हवामान व पाणी

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि कोरडी हवा यांमुळे पानावरील सूक्ष्मजीव लवकर मरतात. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा दिवसांत पानांवर फवारण्यापेक्षा ओल्या जमिनीत आळवणी करणे योग्य मानतात. इतर हंगामांत सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारणी करतात. पावसाळ्यात पाऊस उघडल्यावर, जमिनीत वाफसा असताना दिलेले द्रावण चांगले मुरते. कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या जमिनीत मात्र ते भेगांतून खोल निघून जाते. हिरवळीवर फवारण्यापूर्वी गवत कापून हलके पाणी दिल्यास द्रावण मुळांपर्यंत पोहोचते.

नळयोजनेच्या पाण्यात क्लोरीन असते. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास क्लोरीन उडून जाते. विहिरीच्या पाण्यास ही प्रक्रिया लागत नाही.

तणनाशकाचा अंश व पंपाची स्वच्छता

विदर्भातील कापूस पट्ट्यात या विषयाची सर्वांत गंभीर बाजू पंपातील तणनाशकाच्या अंशाची आहे. कपाशीचे पीक टू-फोर-डी या तणनाशकास अत्यंत संवेदनशील असते. धुऱ्यावर किंवा गव्हात हे तणनाशक फवारलेला पंप वरवर धुऊन त्याच पंपाने कपाशीवर अर्क फवारल्यास, टाकीच्या भिंतीत, नळीत व वायसरमध्ये राहिलेला सूक्ष्म अंशही पाने अरुंद, लांबट व विकृत करण्यास पुरेसा ठरतो. तूर, टोमॅटो व भेंडी यांनाही अपाय संभवतो. अशा वेळी दोष अर्काला दिला जातो. वास्तविक तो पंपाचा असतो. उपाय एकच : तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवणे व त्यावर ठळक खूण करणे. पंप भाड्याने किंवा उसना घेतला असेल, तर त्यातून पूर्वी काय फवारले होते याची चौकशी करणे अगत्याचे असते.

कीटकनाशकाचा पंप अर्कासाठी वापरावयाचाच असेल, तर टाकी, नळी व नोझल साबणाच्या पाण्याने व नंतर स्वच्छ पाण्याने किमान तीनदा धुवावे लागतात आणि प्रत्येक वेळी पाणी नोझलमधून बाहेर काढावे लागते. बुरशीनाशक वापरलेल्या पंपात अर्क भरल्यास त्यातील उपयुक्त बुरशीच नष्ट होण्याचा संभव असतो. धुण्याचे पाणी विहीर, नाला किंवा गुरांच्या हौदाजवळ टाकू नये.

अर्काची फवारणी संपल्यावरही पंप त्याच दिवशी धुणे आवश्यक असते. गूळ व पीठ वाळून नोझलमध्ये घट्ट बसतात. नोझल तारेने किंवा सुईने कोरल्यास छिद्र वेडेवाकडे होते व धार बिघडते. ते कोमट पाण्यात भिजवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करणे योग्य होय. तोंडाने फुंकून नोझल मोकळे करणे सर्वथा टाळावे.

सुरक्षितता

२०१७ च्या खरीप हंगामात वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या घटनेनंतर फवारणी यंत्रे, उंच वाढलेल्या कपाशीतील फवारणी आणि संरक्षक साधनांचा अभाव यांवर राज्यभर चर्चा झाली. कंपोस्ट अर्क विषारी नसतो, त्यामुळे तशा स्वरूपाचा धोका त्यात नाही. तथापि तो पूर्णपणे निर्धोक आहे असेही म्हणता येत नाही. ताज्या शेणात माणसाला अपायकारक जिवाणू असू शकतात. अमेरिकेतील राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट अर्कविषयक कार्यगटाने २००४ मध्ये, मळी किंवा साखरयुक्त पदार्थ घातल्यास अर्कात असे जिवाणू वाढू शकतात, याकडे लक्ष वेधले होते. त्या देशाच्या सेंद्रिय नियमांनुसार कच्चे शेणखत व खाद्यपिकाची काढणी यांत, खाण्याचा भाग मातीला लागत असल्यास १२० दिवसांचे व लागत नसल्यास ९० दिवसांचे अंतर असावे लागते.

यावरून पुढील दक्षता सुचविली जाते : कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर (विदर्भात सांभार), मुळा, गाजर, काकडी यांवर काढणीच्या सुमारास जीवामृत फवारू नये, अशा पिकांत पूर्ण कुजलेल्या खताचा, गूळ न घातलेला अर्क जमिनीतून द्यावा. फवारताना नाका-तोंडावर फडके बांधावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालू नये, हातावर जखम असल्यास हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. मुले खेळत असलेल्या हिरवळीवर फवारणी झाल्यास ती पूर्ण वाळेपर्यंत तेथे वावर टाळावा. कुजका, उग्र दर्प येणारा अर्क पानांवर न फवारता खताच्या ढिगावर ओतावा.

परिणामकारकता व मतभेद

कंपोस्ट अर्काच्या परिणामांविषयी एकमत नाही. काही प्रयोगांत पानांवरील रोगांचे प्रमाण घटल्याचे, तर काहींत साध्या पाण्याच्या तुलनेत फरक नसल्याचे आढळले आहे. खताचा प्रकार, भिजविण्याचा काळ, हवा, तापमान व पीक यांनुसार अर्क बदलतो; त्यामुळे एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

अन्नद्रव्यांच्या दृष्टीने अर्काची मर्यादा साध्या गणिताने कळते. २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण असते. म्हणजे पानांवरील तिसऱ्या फवारणीच्या २० लिटर जीवामृतात जेमतेम एक किलो शेणाचा अंश एकरभर पसरतो. पिकाची नत्राची गरज एवढ्याने भागणे शक्य नाही. जीवामृत हे खत नसून दुधातल्या विरजणासारखे सूक्ष्मजीवांचे मुरवण आहे, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. टीकाकारांच्या मते जमिनीत सेंद्रिय पदार्थ नसेल तर असे मुरवण टिकत नाही. घन खत, आच्छादन व पिकांचा फेरपालट यांना पर्याय म्हणून नव्हे, तर पूरक म्हणून अर्काकडे पाहावे, यावर मात्र दोन्ही बाजूंचा फारसा विरोध नाही.

शेताच्या एका भागात अर्क, दुसऱ्या भागात तेवढेच साधे पाणी व तिसऱ्या भागात काहीच न फवारता फरक पाहणे, ही शेतकऱ्यास स्वतः करता येण्याजोगी चाचणी आहे. साधनावर मोठा खर्च करण्यापूर्वी एक हंगाम अशी तुलना करणे हितावह ठरते.

साधनाची निवड

कुंड्या व गच्चीवरील बाग : दोन लिटरचा दाबपंप व लहान झारी.

परसबाग व पाच गुंठ्यांपर्यंतचे क्षेत्र : दहा लिटरची झारी, पानांवर फवारण्यासाठी पाठीवरचा हातपंप.

शाळा, महाविद्यालये व कार्यालयांच्या आवारातील हिरवळ : सपाट फवाऱ्याचे नोझल लावलेला बॅटरी पंप.

एक ते तीन एकर कापूस, सोयाबीन, तूर : पाठीवरचा हातपंप किंवा बॅटरी पंप, जमिनीत देण्यासाठी आळवणी.

संत्रा व इतर फळबागा : पायपंप किंवा दाब कमी ठेवलेला उच्चदाब पंप, ठिबक असल्यास व्हेंचुरी.

हळद व ठिबकावरील भाजीपाला : १२० मेशची गाळणी व व्हेंचुरी.

कृषी यांत्रिकीकरणाच्या शासकीय योजनांसाठी शेतकऱ्यांना महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. गटशेती किंवा बचत गटांना एकत्रितपणे एक पायपंप, एक बॅटरी पंप व गाळणीचा ड्रम असा संच ठेवता येतो. असा सामायिक संच केवळ जैविक द्रावणांसाठी राखून ठेवल्यास तणनाशकाच्या अंशाचा प्रश्नही आपोआप सुटतो.

हे सुद्धा पहा

कंपोस्ट खत
गांडूळखत
जीवामृत
नाडेप पद्धत
ठिबक सिंचन
अल्बर्ट हॉवर्ड
मगनवाडी
वर्धा जिल्हा